रूट ए: 'टोकियो गूल'च्या दुसऱ्या सीझनवरून भांडण नेमकं कुठून सुरू झालं

२०१५ साली आमच्या हॉस्टेलमध्ये फिरणाऱ्या हार्डडिस्कवर 'टोकियो गूल' या जपानी अॅनिमेच्या, म्हणजे कार्टून मालिकेच्या, दुसऱ्या सीझनचा एक फोल्डर होता, त्याच्या नावात मध्येच एक रिकामा चौकोन यायचा, कॉम्प्युटरला एखादं अक्षर वाचता आलं नाही की येतो ना तसा. तिथे खरं तर वर्गमूळाचं चिन्ह होतं. कुणीतरी वैतागून नाव बदलून सरळ 'टोकियो गूल २' करून टाकलं आणि मग अख्ख्या विंगने तो दोन नंबरचा सीझन म्हणूनच पाहिला, म्हणजे पहिला जिथे संपला तिथून पुढे. पहिलाच भाग संपता संपता रूममेट उठून बसला, म्हणाला अरे हा हीरो तिकडे कशाला चाललाय, ज्यांनी याची बोटं तोडली त्यांच्यातच? कुणाकडेच उत्तर नव्हतं. उत्तर होतं त्या वर्गमूळात आणि ते आम्हीच पुसलं होतं, पण त्याकडे नंतर येतो.

(गूल हा शब्द घरी उच्चारला की आई विचारायची लाईट गेली का. तर तो गूल नाही, हा अरबीतून आलेला, मुडदे खाणारा पिशाच्च टाईप.)

आधी मूळ गोष्ट कुठली ते. इशिदा सुई या मांगाकाराने (मांगा म्हणजे जपानी कॉमिक) 'टोकियो गूल' सप्टेंबर २०११ मध्ये शुएइशाच्या वीकली यंग जंपमध्ये सुरू केली. हे साप्ताहिक शाळकरी पोरांचं नाही, जरा मोठ्यांचं, त्यामुळे रक्तपात वगैरेला मोकळीक होती. केन कानेकी हा पुस्तकात डोकं घालून बसणारा कॉलेजचा पोरगा, रिझे नावाच्या मुलीबरोबर डेटवर जातो, ती निघते गूल, अपघात होतो आणि डॉक्टर तिचेच अवयव याला बसवतात. आता हा अर्धा माणूस अर्धा गूल, साधं जेवण तोंडात घेतलं तरी ओकारी येते, माणसाचं मांस सोडलं तर फक्त कॉफी पोटात टिकते. म्हणून तो जाऊन पोचतो अँटेइकू नावाच्या कॅफेत, जो गूल लोकच चालवतात. समोर सीसीजी, म्हणजे गूलांना मारणारं सरकारी खातं. आणि गंमत अशी की इशिदाने त्या खात्यातल्या माणसांनाही तितकंच जीव लावून रंगवलंय, आमोनसारखा इन्स्पेक्टर बघताना आपण नक्की कुणाच्या बाजूने आहोत हेच कळेनासं होतं.

अॅनिमे आला जुलै २०१४ मध्ये, स्टुडिओ पिएरो, नारुतो आणि ब्लीचवाले. १२ भाग. दिग्दर्शक मोरिता शुहेइ, ज्याची 'त्सुकुमो' नावाची शॉर्ट फिल्म त्याच वर्षी ऑस्करच्या नॉमिनेशनपर्यंत गेली होती. हे लक्षात ठेवा, कारण माणूस मूळचा शांत, चित्रावर रेंगाळणारा आहे, फटाफट फाईट काढणारा नाही. टीव्हीवर दाखवताना रक्ताचे शॉट काळे करून किंवा रंगच उलटे करून दाखवले, त्याच्यावरून लोक तेव्हाच कुरकुरत होते, पण ते भांडण सेन्सॉर न केलेल्या डिस्क विकायला आल्यावर मिटलं.

आणि मग आला बारावा भाग. यामोरी नावाचा क्रूर गूल कानेकीला खुर्चीला बांधून ठेवतो, बोटं तोडतो, गूल असल्यामुळे ती परत उगवतात, मग परत तोडतो, आणि डोकं ठिकाणावर राहावं म्हणून त्याला मोजायला लावतो, हजारातून सात वजा. ९९३, ९८६, ९७९. ज्याने हे पाहिलंय त्याला आजही सातचा पाढा उलटा येतो. जवळजवळ अख्खा भाग त्या एका खोलीत आणि कानेकीच्या डोक्यात घडतो, पांढऱ्या फुलांच्या शेतात रिझे त्याच्याशी बोलत राहते, फुलं लाल होत जातात, याचे केस पांढरे होतात, आणि शेवटी हा उठतो आणि यामोरीला खातो. पहिल्या सीझनचं ओपनिंगचं गाणं 'अनरॅव्हल' तिथे वाजतं. बास. तिथे सीझन संपला. म्हणजे जो पांढऱ्या केसांचा कानेकी प्रत्येक पोस्टरवर, प्रत्येकाच्या डीपीवर होता, तो पहिल्या सीझनमध्ये जेमतेम काही मिनिटं दिसला. पुढचे साडेतीन महिने जगभरातले लोक त्याच काही मिनिटांवर जगत होते, आणि दुसऱ्या सीझनबद्दल जी काही मतं नंतर पडली त्याची अर्धी तरी मुळं या साडेतीन महिन्यांच्या भुकेत आहेत असं मला वाटतं.

आता कॅलेंडर बघा, कारण खरी मजा इथे आहे. मांगाचा शेवटचा चॅप्टर, १४३ वा, आला सप्टेंबर २०१४ मध्ये, आणि पहिल्या सीझनचा शेवटचा भागही त्याच आठवड्यात. एकूण १४ खंड. त्यातले साधारण सात पहिल्या सीझनने वापरले होते. म्हणजे बरोबर निम्मी गोष्ट शिल्लक, आणि तीही पूर्ण छापून झालेली. ऑक्टोबरमध्ये इशिदाने पुढचा मांगा 'टोकियो गूल: री' सुरूही केला. आणि जानेवारी २०१५ मध्ये दुसरा सीझन.

अॅनिमे मूळ मांगा सोडून भरकटला की लोक एक ठरलेलं कारण देतात, मांगा संपला नव्हता, मटेरियल नव्हतं, बिचारे काय करणार. २००३ च्या 'फुलमेटल अल्केमिस्ट'चं तसंच होतं, मांगा २०१० पर्यंत चालू होता, म्हणून त्यांनी मध्येच स्वतःची वाट काढली, आणि मग २००९ मध्ये 'ब्रदरहूड' काढून सगळं पहिल्यापासून मांगाप्रमाणे केलं. तिथे दोन्ही व्हर्जनला चाहते आहेत आणि दोघं बऱ्यापैकी गुण्यागोविंदाने राहतात. इथे मात्र ते कारण लागूच पडत नाही. सात खंड समोर तयार होते. आता कुणी म्हणेल अॅनिमेची पटकथा प्रक्षेपणाच्या कितीतरी आधी पक्की होते, तेव्हा मांगाचा शेवट छापला गेला नव्हता, ते खरंय, पण मधले खंड तर होतेच ना. त्यामुळे मांगा वाचलेल्यांना हे मजबुरीत केलेलं वाटलंच नाही, मुद्दाम केलेलं वाटलं. आणि मुद्दाम केलेल्या गोष्टीचा राग वेगळा असतो.

आता ते वर्गमूळ. दुसऱ्या सीझनचं नाव कागदावर लिहिताना वर्गमूळाचं चिन्ह आणि पुढे इंग्रजी ए. वाचायचं 'रूट ए'. जपानीत वर्गमूळ म्हणजे मुळं-वाला रूट आणि रस्ता म्हणजे वाट-वाला रूट, दोन्ही एकाच पद्धतीने लिहितात आणि बोलतात. तिकडच्या कथा-गेममध्ये खेळणाऱ्याने कुठला पर्याय निवडला त्यावर गोष्ट वेगळ्या 'रूट'ने जाते, हे तिथल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. म्हणजे नावातच सांगितलं होतं की बाबांनो ही दुसरी वाट आहे, त्या खुर्चीतून उठल्यावर कानेकीने वेगळा निर्णय घेतला असता तर काय. घोषणा झाली तेव्हाही कथा मांगापेक्षा वेगळी असणार हे सांगितलं होतं आणि त्यामागे इशिदाचं नावही होतं. पण जपानच्या बाहेर किती जणांपर्यंत ते पोचलं? आमच्यापर्यंत तर चौकोन पोचला.

तो वेगळा निर्णय म्हणजे काय तर मांगात कानेकी अँटेइकू सोडतो आणि स्वतःची छोटी टोळी करतो, बांजो, हिनामी, आणि ज्याला याला खायचंच आहे तो त्सुकियामा, हे सगळे एका घरात राहतात, ज्या डॉक्टरने ऑपरेशन केलं त्या कानोचा माग काढतात. हेतू स्पष्ट, मी माझ्या माणसांना वाचवीन, कुणालाही मरू देणार नाही. तो त्यात हळूहळू वेडा होत जातो आणि ते आपल्याला आतून दिसतं, कारण मांगात त्याच्या डोक्यातले विचार पानापानावर आहेत. रूट एमध्ये तो थेट आओगिरीत जातो. आओगिरी म्हणजे यामोरी ज्या संघटनेत होता तीच. का जातो? याच्यावर तो फारसं बोलत नाही. खरं तर तो कशावरच बोलत नाही, अख्ख्या सीझनमध्ये हीरोचे डायलॉग मोजायला बसलं तर एक चहा संपायच्या आत मोजून होतील.

इथे प्रेक्षक फुटले, आणि ते दोन गटात नाही, निदान तीन गटात फुटले. मांगा वाचलेले म्हणाले ज्या गोष्टीसाठी आम्ही थांबलो होतो तीच काढून टाकली. फक्त अॅनिमे पाहिलेले म्हणाले आम्हाला काही कळलं नाही पण बघायला भारी वाटलं. आणि तिसरे, संख्येने कमी, ज्यांना हे सगळं माहीत असूनही आवडलं, त्यांचं म्हणणं की हा सीझन कानेकीचा नाहीच, हा आजूबाजूच्यांचा आहे, त्याच्या जाण्याने मागे राहिलेल्या अँटेइकूतल्या तोउकाचा, आणि सीसीजीच्या लोकांचा. मी बराच काळ पहिल्या गटात होतो, आता थोडा तिसऱ्यात सरकलोय. कारण अँटेइकूवर हल्ला करायच्या आधी सीसीजीवाल्यांना मृत्युपत्रं लिहायला बसवतात तो भाग परत पाहिला. काही मारामारी नाही, नुसती माणसं टेबलाशी बसलीत आणि कागदावर काय लिहायचं कळत नाहीये. आमोन, आकिरा, शिनोहारा आणि तो चक्रम सुझुया जूझो, या चौघांना रूट एने जी जागा दिली ती चांगलीच दिली. पण म्हणून हीरोला गप्प बसवायची गरज होती का, तर नव्हती, हे अजूनही माझं मत आहे.

आणि शेवट. यावर तर लोक आजही हमरीतुमरीवर येतात. कॅफे जळायच्या आधी अँटेइकूत कानेकी आणि त्याचा जिवलग मित्र हिदे समोरासमोर, हिदे त्याला कॉफी देतो आणि म्हणतो मला माहीत होतं रे, घरी जाऊ चल. हिदेच्या अंगातून रक्त वाहतंय. मग कानेकी त्याला दोन्ही हातांवर उचलून बर्फातून चालत निघतो, सीसीजीच्या फौजेच्या मधून, आणि कुणीच गोळी झाडत नाही. तेच 'अनरॅव्हल', पण आता संथ, जवळजवळ कुजबुजल्यासारखं. कितीतरी वेळ नुसतं चालणं. शेवटी समोर सीसीजीचा सगळ्यात भारी इन्स्पेक्टर अरिमा उभा. संपलं. मांगात हे असं काही नाहीच, तिथे कानेकीची आणि अरिमाची गाठ जमिनीखालच्या गटारात पडते आणि अरिमा त्याला अक्षरशः चिरडतो, वाचताना पोटात खड्डा पडतो. म्हणजे ज्या शेवटाची मांगावाले वाट बघत होते, एक भयानक लढाई, त्याच्या जागी एक शांत चालणं मिळालं. मघाशी म्हटलं ना मोरिता रेंगाळणारा माणूस आहे. एकाला ते चालणं म्हणजे अॅनिमेतला सगळ्यात सुंदर प्रसंग वाटतं आणि दुसऱ्याला बजेट संपल्यासारखं वाटतं, आणि दोघंही तोच शॉट बघतायत.

वर कहर म्हणजे हा शेवट टीव्हीवर चालू होता, मार्च २०१५, तेव्हा 'री' मांगा पाच महिने चालू होता आणि त्यात सासाकी हाइसे नावाचा, अर्धे काळे अर्धे पांढरे केस असलेला, स्वतःचं जुनं काहीच न आठवणारा एक पोरगा सीसीजीतच नोकरी करत होता. म्हणजे एकीकडे अॅनिमेवाले कानेकी मेला की जगला म्हणून रडतायत आणि दुसरीकडे मांगावाले गालात हसतायत.

या प्रकाराला पुढे भावंडं झाली. 'प्रॉमिस्ड नेव्हरलँड'च्या दुसऱ्या सीझनने २०२१ मध्ये मांगातले मोठे मोठे तुकडेच गाळले, ११ भागांत सगळं गुंडाळलं आणि शेवटी स्लाइडशो दाखवावा तशी चित्रं दाखवून निरोप घेतला, तिथे तर बचाव करणारा तिसरा गटही उरला नाही. रूट एचं तसं झालं नाही हे मान्य करावं लागतं. ते फसलं असेल पण त्याला काहीतरी करायचं होतं.

खरी शिक्षा रूट एला मिळाली ती २०१८ मध्ये, 'री'चा अॅनिमे आला तेव्हा. दिग्दर्शक बदलला, वातानाबे ओदाहिरो आले, आणि गोष्ट परत मांगाच्या रुळावर आणली. म्हणजे रूट ए नावाची वाट झालीच नाही असं धरून. १६ खंड २४ भागांत कोंबले, त्यात शेवटच्या बारा भागांत तर इतकी घाई की पात्रांची नावं कळायच्या आत ती मरत होती. ज्यांनी फक्त अॅनिमे पाहिला होता त्यांच्यासाठी मधले सात खंड गायब, आणि त्या सात खंडांवर उभी असलेली गोष्ट समोर. आणि मग हे लोक परत मागे जाऊन रूट एला शिव्या घालू लागले, तीन वर्षांपूर्वी ज्यांना तो ठीक वाटला होता तेसुद्धा. मला वाटतं रूट एची जी आजची बदनामी आहे ती २०१५ ची कमी आणि २०१८ ची जास्त आहे.

माझ्या रूममेटचंच घ्या. तो पक्का दुसऱ्या गटातला, मांगा वगैरे वाचणार नाही म्हणणारा, रूट एचं शेवटचं चालणं त्याने कितीतरी वेळा पाहिलेलं. २०१८ मध्ये एकदा रात्री अकराला त्याचा फोन. 'री' बघत होता. म्हणाला तो त्सुकियामा आठवतो ना, तो रुमाल हुंगणारा, तो इथे कानेकीच्या आठवणीने अंथरुणाला खिळलाय, खात नाही पीत नाही, अरे पण यांची एवढी दोस्ती झाली कधी? मी म्हटलं आठव्या खंडापासून वाचायला घे. तो म्हणाला म्हणजे आपल्या फोल्डरमध्ये नव्हतंच का ते.