दान आलेलं खेळसाहित्य मुलांना मिळवायचंय? अर्ज असा भरा

मुलाची संघात निवड होते, घरात आनंद होतो आणि दुसऱ्या दिवशी साहित्याची यादी हातात पडते. फी कशीबशी भरलेली असते, बूट-पॅड-हेल्मेटपाशी गाडी अडते. शाळा, क्लब किंवा सेवाभावी संस्थेकडे दान आलेलं साहित्य असेल, तर ते मागायला मुळीच संकोचू नका.

पात्रता ठरवताना सहसा मुलाचं वय, नियमित सराव आणि घरची गरज पाहतात. मूल किती चांगलं खेळतं हा निकष नसावा. नुकतं शिकायला लागलेल्या मुलालाच साहित्याची गरज जास्त असते. वयाचा पुरावा, शाळेचा दाखला किंवा प्रशिक्षकांचं पत्र आणि पालकांची सही बहुधा लागते. उत्पन्नाचा कागद मागितला आणि तो नसेल, तर फी-सवलतीचं पत्र चालेल का, हे अर्ज देण्याआधीच विचारा.

खरी मेहनत मापांवर घ्या. ‘बूट हवेत’ एवढंच लिहिलं, तर हाताला लागेल तो जोड मिळतो. बुटाच्या टोकात कापूस कोंबून धावणारी मुलगी मी पाहिली आहे; सराव संपला तेव्हा तिच्या दोन्ही टाचा सोलवटल्या होत्या. माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. खेळताना घालायचे मोजे चढवा, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं करा आणि दोन्ही पाय सेंटिमीटरमध्ये मोजा. मोठं माप अर्जात लिहा. हेल्मेटसाठी भुवयांच्या जरा वरून डोक्याचा घेर घ्या. फुटबॉल मागताना वय लिहा: साधारण ८ ते १२ वर्षांच्या मुलांना ४ नंबरचा चेंडू लागतो, त्याहून मोठ्यांना ५ नंबरचा.

जुन्या हेल्मेटबाबत मात्र भीड बाळगू नका. सायकलच्या हेल्मेटने एकदा जोराचा मार खाल्ला की आतला फोम दबतो आणि बाहेरून ते धडधाकट दिसतं. आधी कुणी पडलं होतं का, आतल्या लेबलवर कधीची तारीख आहे, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका. बॅट, रॅकेट, बूट वापरलेले चालतात.

साहित्य घेताना ते कायमचं आहे की परतीच्या बोलीवर, हे नोंदवहीत लिहून घ्या. आधीचे ओरखडे, तुटका पट्टाही त्यात यायला हवा. माप शिल्लक नसेल तर प्रतीक्षा यादीत नाव टाका. तीनेक महिने गेले, तर पाय पुन्हा मोजून नवा आकडा कळवा.