कुत्रा चावल्यावर: रेबीजची लस वेगळी, सीरम वेगळं

‘कुत्रं चावलं, इंजेक्शन घेतलं’ म्हटलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: दंडात घेतलं की जखमेत? दंडात टोचतात ती लस. जखमेत आणि तिच्या भोवती सोडतात ते सीरम.

लस शरीराला प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला निकामी करणारी प्रथिनं, तयार करायला लावते, पण ती पुरेशी व्हायला सात ते चौदा दिवस जातात. विषाणू तोवर थांबत नाही. सीरममध्ये घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडं असतात आणि ती विषाणूला जखमेतच गाठतात. काही आठवड्यांत त्यांचा जोर ओसरतो, म्हणून नुसत्या सीरमवरही भागत नाही.

धड कातडीवर नुसतं चाटलं असेल तर दोन्हींची गरज नाही. रक्त न येता ओरखडा उठला तर लस पुरते. दात रुतून रक्त आलं, किंवा उघड्या जखमेला, डोळ्यांना, ओठांना लाळ लागली, तर लस आणि सीरम दोन्ही.

लस दंडात 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी; 0 म्हणजे पहिल्या लशीचा दिवस. कातडीत द्यायच्या पद्धतीत प्रत्येक वेळी दोन जागी 0.1 मिली, दिवस 0, 3, 7, 28. लहान मुलांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यावर कधीच नाही, तिथल्या चरबीत लस वाया जाते. सीरम मात्र वजनावर मोजतात: घोड्याचं किलोला 40 युनिट, माणसाचं 20. पंधरा किलोच्या पोराला घोड्याचं 600 युनिट, म्हणजे 300 युनिट प्रति मिलीच्या बाटलीतून 2 मिली. जखमा जास्त असतील तर ते सलाइनमध्ये वाढवून प्रत्येक जखमेत पोचवतात. सगळं दंडात टोचून मोकळं होणं ही नेहमीची चूक, कारण जखम कोरडीच राहते. टाके शक्यतो टाळायचे. घालावेच लागले तर आधी सीरम.

लहान दवाखान्यात सीरम असेलच असं नाही. लस तिथंच घ्यावी आणि सीरमची चौकशी सांगली सिव्हिल किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात करावी. पहिल्या लशीपासून सातव्या दिवसापर्यंत ते देता येतं, नंतर उपयोग नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन या दोन्हींपैकी काहीच नव्हे.

या सगळ्याच्या आधी जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुणं. सांगली हळदीची पेठ, त्यामुळे हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो. पण हळद, चुना, तिखट यांपैकी काही जखमेत भरायचं नाही.

‘कुत्रा चावल्यास त्वरित लस घ्या’ एवढाच फलक अर्धवट आहे. घंटागाडीच्या भोंग्यावरून एकच प्रश्न फिरवावा: ‘रक्त आलं का? मग लस आणि सीरम, दोन्ही मागा.’ मिरजेत तो कन्नड आणि उर्दूतही हवा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून कुठे कुठे टिकून आहे. ती केव्हाच बंद झाली, हेही त्याच भोंग्यावर सांगावं.

पूर्वी पूर्ण कोर्स झालेल्याला पुन्हा चावलं तर 0 आणि 3 व्या दिवशी लस पुरते, सीरम लागत नाही. म्हणून लशीचं कार्ड जपून ठेवावं.