डायोड-पंपित घन-अवस्था लेसरमधील औष्णिक परिणाम

डायोडने पंप केलेल्या, म्हणजे डायोडच्या प्रकाशाने ऊर्जा पुरवलेल्या, घन-अवस्था लेसरमध्ये शोषलेल्या प्रकाशाचा काही भाग लेसर-किरणात न येता स्फटिकातच उष्णतेच्या रूपाने उरतो. तिच्यामुळे घडणाऱ्या प्रकाशीय व यांत्रिक बदलांना औष्णिक परिणाम म्हणतात. अशा लेसरची शक्ती कुठवर वाढवता येईल आणि त्याचा किरण किती निर्दोष राहील, हे बहुतांशी या उष्णतेच्या निचऱ्यावर ठरते.

काही उष्णता अटळच असते. निओडिमियमयुक्त याग (यिट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट) स्फटिक ८०८ नॅनोमीटरचा प्रकाश शोषून १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश देतो, त्यामुळे प्रत्येक फोटॉनमागे सुमारे २४ टक्के ऊर्जा स्फटिकातील अणूंच्या जाळीच्या कंपनांत जाते. ९४० नॅनोमीटरला पंप होणाऱ्या आणि १०३० नॅनोमीटरला प्रकाश देणाऱ्या यिटर्बियम-यागमध्ये हे प्रमाण सुमारे ९ टक्के भरते, आणि उच्च शक्तीसाठी त्याला पसंती मिळते ती मुख्यतः याच कारणाने.

खरी अडचण तापमानापेक्षा तापमानातील फरकाची आहे. उष्णता स्फटिकाच्या आत निर्माण होते, पण बाहेर पडते पृष्ठभागातून. म्हणून दंडाकृती स्फटिकाचा मध्य कडांपेक्षा गरम राहतो. यागचा अपवर्तनांक तापमानाबरोबर वाढत असल्याने तो दंड बहिर्वक्र भिंगासारखा वागू लागतो, आणि टोकांच्या पृष्ठभागांना येणारा फुगवटा या परिणामात भर घालतो. या औष्णिक भिंगाचे नाभीय अंतर पंप-शक्ती वाढेल तसे घटते, त्यामुळे एका शक्तीला स्थिर असलेला अनुस्पंदक (प्रकाश पुढे-मागे परावर्तित करणारी आरशांची रचना) दुसऱ्या शक्तीला अस्थिर होऊ शकतो. भिंगाचा अन्वस्ताकार भाग आरशांची वक्रता बदलून भरून काढता येतो. त्यापलीकडची विकृती मात्र किरणाची गुणवत्ता खालावते. तापमानातील फरकाने स्फटिकात ताण निर्माण होऊन द्विअपवर्तनही (ध्रुवणाच्या दिशेनुसार अपवर्तनांक वेगळा होणे) घडते व ध्रुवित किरणाचे ध्रुवण बिघडते. दोन सारख्या दंडांमध्ये ध्रुवण ९० अंशांनी फिरवणारा क्वार्ट्‌झ बसवून हा दोष बऱ्याच अंशी घालवता येतो. ताण मर्यादेबाहेर गेल्यास स्फटिक तडकतो.

पंप-डायोडही तापमानाला संवेदनशील असतात. त्यांची तरंगलांबी दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३ नॅनोमीटरने सरकते. निओडिमियमचा शोषणपट्टा अरुंद असल्यामुळे दहा अंशांचा फरकही पंपिंग मंदावण्यास पुरेसा ठरतो.

उपायांमध्ये स्फटिकाचा आकार बदलणे सर्वांत फलदायी ठरले आहे. पातळ तबकडीच्या लेसरमध्ये मिलिमीटरच्या अंशाएवढ्या जाडीचा स्फटिक मागच्या पूर्ण पृष्ठभागाने थंड केला जातो. उष्णता किरणाच्याच दिशेने वाहते आणि भिंग जवळजवळ नाहीसे होते.

मराठवाड्याशी या विषयाचा संबंध हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील लायगो-इंडिया प्रकल्पामुळे जवळचा झाला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिलेल्या या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. अमेरिकेतील लायगो वेधशाळांत १०६४ नॅनोमीटरचा डायोड-पंपित लेसर वापरला जातो. तेथे भुजांमध्ये साठणारा प्रकाश इतका प्रखर असतो, की आरशांच्या लेपाने केलेले अत्यल्प शोषणही औष्णिक भिंग घडवते. ते निस्तरण्यासाठी आरशांभोवती कडी-तापक बसवतात आणि कार्बन डायऑक्साइड लेसरने भरपाई-पट्टिका मोजून तापवतात. हे आरसे म्हणजे लेसरचा सक्रिय स्फटिक नव्हेत, तरी दोन्हींमागचे भौतिकी एकच आहे.

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान चाळिशी ओलांडते. लेसरचे शीतक-पाणी गार करणाऱ्या, हवेने थंड होणाऱ्या चिलरची क्षमता नेमकी तेव्हाच घटते, म्हणून त्याची निवड उन्हाळ्यातील कमाल तापमान धरून करावी लागते. पावसाळ्यात हवेतील दमटपणा वाढल्यावर शीतक-पाण्याचे तापमान दवबिंदूच्या वर ठेवणे आवश्यक असते, अन्यथा डायोडच्या पृष्ठांवर दव साचून ते निकामी होऊ शकतात.