पट्टा हलवून चरबी वितळते का?

जुन्या फोटोंमध्ये ते पट्ट्याचं मशिन बघितलं असेलच, मोटर, रुंद पट्टा आणि तो कंबरेला लावून थरथरत नुसती उभी असलेली बाई. १९५० आणि ६० च्या दशकात अमेरिकेत हे घराघरात गेलं, आणि त्याच्यासोबत एक समजूत गेली ती अजून टिकून आहे, की जिथे पट्टा लावाल तिथली चरबी हादऱ्याने फुटते. आपल्याकडेही थरथरणारे बेल्ट याच नावाखाली विकतात, म्हणून हे लिहितेय.

चरबी फुटत नाही हो! पेशीत ती ट्रायग्लिसराइड नावाच्या रेणूंच्या रूपात साठलेली असते, शरीराला ऊर्जा कमी पडली की हार्मोन्सच्या सांगण्यावरून तिचं विघटन होतं, त्यातून सुटलेली फॅटी ॲसिड रक्तातून स्नायूंकडे जातात आणि तिथे जळतात. १० किलो चरबी पूर्ण जळली तर साधारण ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते, उरलेलं पाणी. यात पट्ट्याचं काम काय? स्नायूंना मशिन हलवतंय, तुम्ही नाही, त्यामुळे ऊर्जेचा खर्च जवळपास काहीच नाही.

आणि एकाच जागची चरबी उतरवायची म्हणाल तर १९७१ मध्ये टेनिस खेळाडूंचे दोन्ही हात मोजले होते, खेळायच्या हाताचे स्नायू मोठे निघाले पण त्वचेखालची चरबी दोन्हीकडे सारखीच. वर्षानुवर्षं रॅकेट मारून जे झालं नाही ते दहा मिनिटांच्या हादऱ्याने कुठून होणार?

पट्ट्यानंतर बरं वाटतं हे मात्र खरंय, तो मसाज आहे.