डोक्यावरची आवणी

पुढून पार टक्कल पडलेल्या माणसाच्याही मानेवर, कानामागे केसांची झालर शाबूत असते. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइच यांनी तिथले केस कातडीसकट काढून टकलावर लावून पाहिले. जागा बदलली तरी केसांचा स्वभाव बदलला नाही, ते तिथेही टिकले. १९५९ साली त्यांनी हे छापलं आणि आजची प्रत्येक हेअर ट्रान्सप्लांट याच जोरावर चालते. पुढच्या केसांची मुळं डीएचटी या संप्रेरकामुळे बारीक होत जातात, मागच्या मुळांवर त्याचं फारसं चालत नाही.

ओरेंट्राइच यांचे तुकडे मात्र ४ मिलीमीटरचे, एकेकात डझनभर केस. डोकं बाहुलीसारखं दिसायचं! त्वचेत केस मुळात १ ते ४च्या जुडग्यांनी उगवतात, तेव्हा जुडगा हाच ग्राफ्ट, म्हणजे लावायचा तुकडा, धरायचा, हे नंतर ठरलं.

जुडगे काढायच्या दोन तऱ्हा. एफयूटीत मागची कातडीची लांबट पट्टी कापून टाके घालतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली जुडगे सोडवतात. आडवा व्रण राहतो, केस अगदी बारीक कापले की दिसतो. एफयूईत जेमतेम मिलीमीटरभर व्यासाच्या पोकळ पंचने एकेक जुडगा उचलतात. ऐकायला सोपं, पण कातडीखाली मूळ कुठे वळलंय ते दिसत नाही; पंचचा कोन चुकला की मूळच कापलं जातं. काढलेले ग्राफ्ट थंड सलाइनमध्ये ठेवतात, कारण सुकले की मेले.

लावण्यात खरी कला. कपाळाच्या कडेला एककेसी ग्राफ्ट, पुढे झुकलेले, ओळ किंचित वाकडीतिकडी. सरळ रेघ मारली तर विग बरा.

आवणीनंतर, म्हणजे वाफ्यातून उपटून शेतात लावल्यावर, भाताची रोपं काही दिवस पिवळी पडतात, तसे हे केसही दोन-चार आठवड्यांत बहुतेक गळतात. पेशंट घाबरतो, पण मुळं आत जिवंत असतात. तीनचार महिन्यांनी कोंब दिसतात, पूर्ण रूप यायला वर्ष जातं.

भाताचा तरवा, म्हणजे आवणीसाठीची रोपं, दरसाल नव्याने पेरता येतो, डोक्यावरचा नाही. मागून काढलेला जुडगा तिथे परत उगवत नाही. म्हणून पंचविशीतल्या मुलाने शाळेतल्या फोटोसारखी खाली ओढलेली हेअरलाइन मागितली, तर जाणता सर्जन नकार देतो. लावलेली पुढची झालर टिकेल, तिच्यामागचे स्वतःचे केस मात्र गळत राहतील; आणि चाळिशीत मधली मोकळी जागा भरायला मागे ग्राफ्ट उरलेले नसतील.