फरसबी-मोसंबीची कोशिंबीर: रंग हिरवा राहावा आणि चव कडू होऊ नये म्हणून

आमची भाजी-फळांची पेटी ग्राहकाच्या घरी पोचली की दोन-तीन दिवसांत फोन यायला लागतात. बरेचसे ख्यालीखुशालीचे असतात, आणि जे तक्रारीचे असतात त्यांत दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. "शेंगा हिरव्यागार होत्या, कोशिंबीर केली तर मेंदीसारख्या काळपट पडल्या." आणि "मोसंबी कडू निघाली, बदलून द्या." पहिल्या वर्षी आम्ही निमूटपणे माल बदलून दिला. नंतर हीच फजिती आमच्याच घरी झाली, तेव्हा कळलं की दोष ना शेंगेचा होता, ना फळाचा. दोष होता वेळेचा.

झालं असं. महालक्ष्म्यांचा दुसरा दिवस, म्हणजे जेवणाचा. सोळा भाज्या, आंबील, पुरण यांच्या जोडीला आईनं हौसेनं फरसबी-मोसंबीची कोशिंबीर मांडली. सोवळ्यातला स्वयंपाक, त्यामुळे ती सकाळी आठलाच कालवून ठेवलेली. नैवेद्य, आरती होऊन पंगत बसायला साडेतीन वाजले. नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, म्हणून मधल्या वेळात कुणी तोंडाला लावली नाही. पहिला घास पाहुण्यांनीच घेतला. शेंगा शेवाळी, रस कडवट. मामांनी पानाच्या कडेला सारली आणि काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

म्हणून हे पत्रक. पेटीत असतं त्याच मालाची कोशिंबीर कशी करायची आणि ती का बिघडते, एवढंच यात आहे.

फरसबी म्हणजे कोणती

नावांचा घोळ आधी मिटवू. आम्ही देतो ती फरसबी, म्हणजेच श्रावणघेवडा: बोटासारखी बारीक, गोल शेंग. आठवडी बाजारात नुसतं "घेवडा" म्हटलं तर चपटी, रुंद वालाची शेंगही हातात पडते. ती भाजीला उत्तम, पण या कोशिंबिरीत तिची सालटं दातात अडकतात. चवळीच्या कोवळ्या शेंगा मात्र चालतात. गवार घेऊ नका. तिला स्वतःचाच कडवटपणा असतो, त्यात मोसंबीची भर कशाला?

शेंग कोवळी असेल तर वाकवल्यावर कट्‌कन मोडते. नुसतीच वाकली तर शिळी समजा, आणि आत दाणे टच्च दिसत असतील तर ती उसळीकडे वळवा. दोन्ही टोकं खुडून शिरा ओढून घ्या.

शेंगा शिजवणं

फरसबी कच्ची खायची नाही. काकडी-गाजरासारखी कच्चीच चिरून घालणारे ग्राहक आम्हाला भेटले आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो. या शेंगेत आणि राजम्यात लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं. कच्चं पोटात गेलं तर मळमळ, उलट्या, पोटदुखी होऊ शकते. नीट उकळल्यावर ते निकामी होतं. वाळलेल्या राजम्याइतकं ते कोवळ्या शेंगेत नसतं, तरी वाफेवर दोन मिनिटं धरून काढणं पुरेसं नाही.

पाव किलो शेंगांना दोन लिटर पाणी घ्या. मोठं पातेलं हवं. पाणी थोडं असलं की शेंगा पडताच ते थंडावतं, पुन्हा उकळी यायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात रंग जातो. पाण्यात चमचाभर मीठ घाला. खळखळ उकळी आल्यावरच शेंगा टाका आणि झाकण ठेवू नका. शिजताना शेंगेतली आम्लं वाफेबरोबर निघून जातात. झाकण ठेवलं तर ती थेंबाथेंबानं परत पातेल्यात पडतात. कोवळ्या शेंगेला सात-आठ मिनिटं, जाडीला दहा. चावून बघा: कचकच आवाज नको, पण गिचकाही नको. मग लगेच गार पाण्यात काढा, निथळा आणि कोरड्या फडक्यावर पसरा. ओल्या शेंगेवर तेल टिकत नाही, कोशिंबिरीच्या तळाला पाणी साचतं.

आपल्या भागातली एक खास अडचण म्हणजे बोअरचं पाणी. जड पाण्यातलं कॅल्शियम शेंगेतल्या पेक्टिनला (पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या द्रव्याला) घट्ट बांधतं, मग कितीही उकळा, साल चिवट राहते. डाळ शिजत नाही त्याच पाण्यात शेंगही शिजत नाही. पिण्याचं गाळलेलं किंवा आरओचं पाणी वापरा. सोडा घालून हा प्रश्न सुटतो असं वाटतं, रंगही झगझगीत हिरवा येतो, पण शेंग लिबलिबीत होते आणि तिच्यातलं क जीवनसत्त्व जातं. आम्ही सोडा वापरत नाही.

रंग का जातो

शेंगेचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. त्याच्या मधोमध मॅग्नेशियम बसलेलं असतं. आंबट रस लागला की आम्लातला हायड्रोजन त्या मॅग्नेशियमला हुसकावून त्याची जागा घेतो, आणि हिरव्याचा शेवाळी-तपकिरी होतो. उष्णतेत हे झपाट्यानं होतं, गार झाल्यावर सावकाश, पण होतंच. एकदा रंग गेला की परत येत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. उकळत्या पाण्यात लिंबू पिळायचं नाही. रंग जातोच, वर आम्लानं शेंग मऊ व्हायलाही वेळ लागतो. आणि शेंगा पूर्ण गार झाल्याशिवाय मोसंबी घालायची नाही. घातल्यावर पंधरा-वीस मिनिटांत ताटात आली पाहिजे. त्याआधी तेल, मीठ, जिरं, मिरची लावून शेंगा तासन्‌तास ठेवल्या तरी बिघडत नाहीत. चव उलट मुरते.

मोसंबी कडू का होते

आमच्या मते या पत्रकातला हा भाग सर्वांत कामाचा आहे, कारण फळ बदलून देण्याचे वाद इथेच होतात.

अख्ख्या मोसंबीत कडूपणा जवळजवळ नसतो. असतो तो त्याचा कच्चा माल, फळाच्या पापुद्र्यांत आणि बियांत, चवीला न कळणाऱ्या रूपात. फळ चिरलं, पिळलं, पेशी फाटल्या की हा कच्चा माल आंबट रसात मिसळतो आणि त्याचं हळूहळू लिमोनिन बनतं. लिमोनिन इतकं कडू की अगदी थोडं असलं तरी जिभेला कळतं. म्हणून काढल्या काढल्या गोड लागणारा रस दोन-चार तासांनी कडवट होतो. चौकातला ज्यूसवाला तुमच्या समोर फळ कापून रस देतो, त्याचं एक कारण हेच. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवलं तर कडूपणा आणखी लवकर चढतो.

म्हणजे सकाळी सोलून डब्यात ठेवलेली मोसंबी दुपारी कडू लागली तर फळ खराब नव्हतं. खायच्या वेळेला सोला.

सोलायची आमची पद्धत: वरचा आणि खालचा काप उडवा, फळ पाटावर उभं ठेवा आणि सुरीनं वरून खाली, गोलाई धरून, पिवळी साल आणि तिच्याखालचा पांढरा थर एकदमच काढा. मग प्रत्येक फोडीच्या दोन पडद्यांमध्ये सुरी घालून नुसता गर सोडवा. बिया काढा. उरलेला चोथा हातानं पिळून तो रस लगेच वापरा. पहिल्यांदा दहा मिनिटं लागतात, तिसऱ्यांदा तीन. मोसंबीचा पडदा जाड असतो. संत्र्यासारखी पापुद्र्यासकट फोड घातली तर चघळत बसावं लागतं.

मोसंबी, संत्रा की लिंबू

जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अंबड, घनसावंगी, बदनापूर, पैठण या पट्ट्यातल्या बागांनी दुष्काळात काय सोसलं ते इथल्या माणसाला सांगायला नको. २०१२-१३च्या दुष्काळात टँकरनं पाणी घालून जगवलेल्या बागा आम्ही पाहिल्या आहेत, आणि वाळून गेल्यावर कुऱ्हाड लावलेल्याही.

आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचं फळ भाद्रपदाच्या सुमारास सुरू होतं, मृग बहाराचं, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचं, उन्हाळ्याच्या तोंडाशी. भाद्रपदातली मोसंबी बाहेरून हिरवी असते, म्हणून ग्राहक कच्ची समजतात. सालीला पिवळा रंग चढायला रात्री गार लागतात, गोडीचा त्या रंगाशी फारसा संबंध नाही. हातात घेऊन बघा: आकाराच्या मानानं जड आणि गुळगुळीत सालीचं फळ रसाळ. मोठं पण हलकं, जाड सालीचं फळ आतून बहुधा कोरडं निघतं.

मोसंबी गोड असते, आंबट नाही. तिच्या रसात आम्ल एक टक्क्याच्या आत, तर लिंबात पाच-सहा टक्के. म्हणून नुसत्या मोसंबीवर कोशिंबीर मिळमिळीत लागते, अर्धं लिंबू लागतंच. विदर्भातला नागपुरी संत्रा घेतला तर चव जास्त चटपटीत येते आणि सोलायचा त्रासही वाचतो. आम्ही विकतो मोसंबी, तरी हे कबूल करायला हवं.

चौघांसाठी

पाव किलो शिजवून गार केलेली फरसबी, तिरकी चिरून. दोन मोसंब्यांचा गर. अर्धं लिंबू. दोन चमचे करडईचं घाण्याचं तेल. एक हिरवी मिरची, बारीक. मूठभर कोथिंबीर. दोन चमचे भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट. भाजलेलं जिरं भरडून, मीठ.

शेंगांना तेल, मिरची, जिरं, मीठ लावून ठेवा. वाढायच्या वेळी गर घाला, लिंबू पिळा, कोथिंबीर आणि शेवटी कूट. कूट आधी घातला तर रस पिऊन चिखल होतो. फार ढवळू नका, गराच्या पाकळ्या फुटतात. जिऱ्याची फोडणी आवडत असेल तर ती गार करून घाला.

तेलाबद्दल दोन शब्द. करडई आपलीच. परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेलं "परभणी कुसुम" हे वाण कित्येक शेतांत असतं. घाण्याच्या करडई तेलाला हलका खमंगपणा असतो, तो मोसंबीला दाबत नाही. शेंगदाणा तेल दाबतं. पण हे तेल लवकर खवट होतं. लहान बाटली घ्या, उजेडापासून दूर ठेवा.

कूट आवडत नसेल तर जवसाची चटणी भुरभुरा. आमच्या घरी हल्ली हेच चालतं. कोशिंबीर कालवायला स्टील किंवा काच वापरा. बिनकल्हईच्या पितळेत ती कळकेल. डब्यात न्यायची असेल तर शेंगा एका डब्यात, अख्खी मोसंबी आणि लिंबाची फोड वेगळी. शाळेतल्या मुलांना फळ सोलायला वेळ नसतो, त्यांच्यासाठी संत्रा द्या.

बदलून कधी देऊ

फळ आतून कोरडं, सुकलेल्या गराचं निघालं, किंवा शेंगांवर काळे डाग आणि बुरशी असली, तर पेटी मिळाल्यापासून दोन दिवसांत फोटो पाठवा. पुढच्या पेटीत भरून देऊ, वाद घालणार नाही. कापून ठेवल्यावर कडू झालेल्या मोसंबीची तक्रार मात्र आता घेत नाही.

मोसंबी बाहेर टोपलीत आठवडाभर चांगली राहते, त्याहून जास्त ठेवायची तर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात. फरसबी न धुता कागदात गुंडाळून ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

महालक्ष्म्यांसाठी जादा पेटी हवी असेल तर चार दिवस आधी सांगा. त्या आठवड्यात फरसबी ऐन वेळी मिळत नाही. आणि सोवळ्याच्या घरांसाठी आईचा निरोप: शेंगा सकाळी तेल-मीठ लावून ठेवा, मोसंबी अख्खीच नैवेद्याजवळ असू द्या, आणि आरती संपून पाट मांडले जात असताना कुणातरी एकीला सुरी घेऊन बसवा.