उंची बदलता येणारा सीट पोस्ट (सायकल)

सायकलची सीट ज्या दांड्यावर बसते तो सीट पोस्ट. फ्रेमच्या उभ्या नळीत तो वरून सरकवतात आणि नळीच्या तोंडाशी कॉलर आवळून धरतात. उंची बदलण्याच्या तीन तऱ्हा आहेत : पान्याने सैल करायचा साधा बोल्ट, हाताने उघडणारे क्विक रिलीज, आणि हँडलवरचा खटका दाबताच चालत्या सायकलवर खाली-वर होणारा ड्रॉपर. अमेरिकेत जो ब्रीझ व जॉश अँजेल यांनी १९८४ मध्ये आणलेली ‘हाइट-राइट’ स्प्रिंग ही ड्रॉपरची पूर्वज. क्विक रिलीज सैल केले की सीट अंगाच्या वजनाने खाली जाई, उठल्यावर स्प्रिंग तिला वर आणी.

गोव्यात पणजी-म्हापशाच्या डांबरी रस्त्याला ड्रॉपरची गरज नाही. किनाऱ्यावर भाड्याने जाणाऱ्या सायकलीवर रोज वेगळी उंची लागते, तिला क्विक रिलीज पुरते. सत्तरी-सांग्यातल्या मातीच्या उतारांवर मात्र सीट खाली गेली की अंग मागे नेता येते, आणि तिथे ड्रॉपर पैसे वसूल करतो.

निवडताना आधी व्यास. २५.४, २७.२, ३०.९, ३१.६ आणि ३४.९ मिमी ही नेहमीची मापे. जुन्या पोस्टच्या खालच्या भागावर आकडा कोरलेला असतो. नसल्यास व्हर्निअर कॅलिपरने मोजावे, मोजपट्टीवर विसंबू नये. ३०.९ चा पोस्ट ३१.६ च्या नळीत बसल्यासारखा वाटतो, पण कॉलर कितीही आवळली तरी घसरत राहतो. मोठ्या नळीत बारीक पोस्ट योग्य शिम (फट भरणारी मधली पातळ नळी) घालून चालतो. उलट कधीच नाही.

ड्रॉपरची चाल, म्हणजे सीट किती खाली-वर होते ते अंतर (१००, १२५, १५०, १७० मिमी वगैरे), सीटच्या उंचीवरून ठरते. सीट पायडल मारण्याच्या उंचीवर ठेवून कॉलरच्या वरच्या कडेपासून सीटच्या सळ्यांपर्यंत अंतर घ्यावे. ते २१० मिमी असेल आणि पोस्टचे डोके (सीट धरणारा भाग) व गळपट्टी (सरकत्या भागाभोवतीचे जाड कडे) मिळून ५० मिमी घेत असतील, तर १५० ची चाल बसेल, १७० ची नाही. नळीत खाली किती जागा आहे हेही तारेने चाचपावे. बाटलीच्या स्टँडचे स्क्रू किंवा नळीचा बाक आड येतो.

बसवताना धातूच्या नळीत व पोस्टवर ग्रीसचा पातळ थर द्यावा. दोहोंपैकी एक कार्बनचे असेल तर ग्रीस नाही, कार्बन पेस्ट (घसरण रोखणारा खरखरीत लेप). ड्रॉपरची केबल फ्रेमच्या आतून जात असेल तर पोस्ट खाली ढकलताना हँडलकडून केबलचे आवरण तितकेच ओढून घ्यावे, नाहीतर ते आत वळते आणि खटका जड होतो. किमान खोलीची रेघ नळीबाहेर दिसता कामा नये. दिसली तर पोस्ट वाकतो किंवा फ्रेमला चीर जाते. कॉलर साधारण ४ ते ६ न्यूटन-मीटर, पण कॉलरवर छापलेला आकडाच प्रमाण. ड्रॉपरच्या बाबतीत जास्त आवळणे हा सर्वांत सर्रास दोष आहे : बाहेरची नळी चेपते आणि सीट वर यायला अडते. लोक मग पोस्टच बिघडला म्हणून दुकानात आणतात. केबल सैल असली तर खटका दाबूनही सीट नीट हलत नाही. फार ताणलेली असली तर सीट एका उंचीवर ठरत नाही.

उंचीचा पहिला अंदाज टाचेवरून : पायडल तळाशी, त्यावर टाच, पाय सरळ. मग चवडा ठेवल्यावर गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला राहतो. सीटवर बसून कंबर डावी-उजवी डुलत असेल तर सीट उंच आहे.

गोव्याच्या हवेत खरा शत्रू मीठ आणि पाऊस. स्टीलच्या नळीत ॲल्युमिनियमचा पोस्ट महिनोन्महिने न हलवता ठेवला की दोन धातूंमध्ये पांढरा क्षार जमतो आणि पोस्ट जाम होतो; हातोड्याने तो सुटत नाही, फ्रेम जाते. म्हणून पावसाळ्याआधी व नंतर, आणि समुद्राकाठी दर दोन महिन्यांनी, पोस्ट काढून नळी पुसून नवे ग्रीस लावावे. मागच्या चाकाचे पाणी कॉलरच्या फटीतून आत जाते. मडगार्ड नसेल तर फटीवर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवावा. डिचोलीकडची लाल धूळ ड्रॉपरच्या सीलवर (सरकत्या भागाभोवतीच्या रबरी कड्यावर) बसते, ती फडक्याने पुसावी, पाण्याचा जोरदार फवारा मारू नये. दुरुस्तीच्या स्टँडला ड्रॉपरचा सरकणारा चकचकीत भाग कधीही पकडू नये. त्यावर ओरखडा पडला की सील फाटते.